टकरींची गणितं: आधी चित्र, मग चिन्ह, सूत्र सगळ्यात शेवटी

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होतो. नववीच्या 'गतीचे नियम' या धड्यातला संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत (संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि बाहेरून बल लागलं नाही तर एकूण संवेग तेवढाच राहतो) तोंडपाठ होता आणि गोळी सुटल्यावर बंदूक किती वेगाने मागे येते ते गणितही जमायचं. अकरावीत तोच संवेग मोमेंटम झाला, टक्कर कोलिजन झाली आणि एका तासात फळ्यावर सहा सूत्रं पडली. मी सहाही घोकली. पहिल्या चाचणीत टकरींची तीन गणितं होती, तिन्ही चुकली. सूत्रं येत होती, कुठलं कुठे लावायचं ते येत नव्हतं. पुढे शेजारपाजारच्या मुलांना शिकवायला लागलो तेव्हा दिसलं, की सगळे त्याच चार-पाच खड्ड्यांत पाय घालतात. ते खड्डे दाखवायचे म्हणून हा लेख.

सुरू करण्याआधी

सामान फारसं लागत नाही: कोऱ्या पानांची वही, पेन्सिल, दोन रंगांची पेनं. बोर्डाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, म्हणून सरावही हातानेच करा. २०१९च्या बालभारतीच्या अकरावीच्या पुस्तकात टकरी 'लॉज ऑफ मोशन'मध्ये आहेत, एनसीईआरटीत त्या 'वर्क, एनर्जी अँड पॉवर'मध्ये सापडतात. दोन्हीकडे शोधून दमू नका, विषय एकच आहे.

चिन्हं अशी वापरतो: वस्तुमानं एम१ आणि एम२, टकरीआधीचे वेग यू१ आणि यू२, टकरीनंतरचे व्ही१ आणि व्ही२.

१. टक्कर कुठल्या जातीची ते प्रश्नातून हुडका

इलॅस्टिक म्हणजे स्थितिस्थापक टक्कर. तिच्यात संवेग टिकतो आणि एकूण गतिज ऊर्जाही (½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग) आधी होती तेवढीच नंतर असते. इनइलॅस्टिकमध्ये संवेग टिकतो, गतिज ऊर्जेतली काही उष्णता, आवाज, चेपणं यांत जाते. परफेक्टली इनइलॅस्टिकमध्ये दोन्ही वस्तू चिकटून एकाच वेगाने जातात.

घोटाळा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात होतो. प्रश्नात नुसतं 'इनइलॅस्टिक' दिसलं, की मुलं दोन्ही वस्तू चिकटवून मोकळी होतात. चिकटवायचं ते प्रश्नात 'परफेक्टली', 'स्टिक टुगेदर', 'एम्बेडेड', 'कपल्ड' असलं काही असेल तरच. नाहीतर प्रश्नात दुसरी काहीतरी माहिती दिलेली असते, ती शोधायची.

आणि रोजच्या बोलण्यातलं 'इलॅस्टिक' इथे विसरा. पायजम्याचं इलॅस्टिक ताणलं जातं म्हणून आपण त्याला तसं म्हणतो. टकरीच्या हिशेबात मात्र काचेची गोटी मऊ लोकरीच्या गुंड्यापेक्षा कितीतरी जास्त इलॅस्टिक. न्यूटनने गोळे दोरीला टांगून, एकमेकांवर आपटून हे मोजलं होतं. काचेचे गोळे एकमेकांकडे ज्या वेगाने आले त्याच्या १५/१६ वेगाने दूर गेले, लोकरीचे घट्ट वळलेले गुंडे ५/९ वेगाने.

२. दोन चित्रं काढा, 'आधी' आणि 'नंतर'

दोन चौकोन. डाव्यात टकरीआधी, उजव्यात टकरीनंतर. प्रत्येक वस्तूवर वस्तुमान, प्रत्येक वेगाला बाण. माहीत नसलेल्या वेगालाही बाण काढा, शक्यतो उजवीकडेच. उत्तर उणे आलं तर ती वस्तू डावीकडे जाते, एवढाच अर्थ. याला अर्धं मिनिट लागतं. वेळ जातो म्हणून मी हे टाळायचो आणि मग पाच मिनिटं खोडाखोड करायचो.

३. दिशा ठरवा आणि चिन्ह लावूनच आकडा लिहा

सगळ्यात जास्त मार्क जातात ते इथे, म्हणून जरा थांबू.

गणित: ३ किग्रॅचा गोळा ४ मी/से वेगाने उजवीकडे जातोय. समोरून १ किग्रॅचा गोळा ४ मी/से वेगानेच येतोय. टक्कर इलॅस्टिक. नंतरचे वेग काढा.

उजवी दिशा अधिक धरली, तर यू१ = +४ आणि यू२ = −४. एकूण संवेग ३ × ४ + १ × (−४) = १२ − ४ = ८. चाचणीत मी १२ + ४ = १६ लिहिलं होतं. त्यावरून पुढे सगळं रीतसर सोडवलं आणि उत्तर आलं, दोघांचाही वेग ४ मी/से. म्हणजे काहीच घडलं नाही! घडणार कसं? दोघंही त्याच दिशेने त्याच वेगाने चालले आहेत असं मीच लिहून ठेवलं होतं, मग त्यांची गाठ पडणार कुठे? बरोबर उत्तर भलतंच देखणं आहे: मोठा गोळा जागच्या जागी थांबतो आणि छोटा ८ मी/से वेगाने उलटा पळतो. कसं, ते पाचव्या पायरीत.

ही चूक केल्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नका. देकार्तसारख्या मोठ्या फ्रेंच तत्त्वज्ञ-गणितज्ञाने १६४४ साली टकरींचे नियम छापले, त्यातही गतीचं माप दिशेशिवायच घेतलं होतं. त्यामुळे त्याचे बरेचसे नियम चुकले. ते नीट केले हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने.

याच जातीचा दुसरा खड्डा म्हणजे भिंतीवर आपटून परत येणारा चेंडू. ०.१६ किग्रॅचा चेंडू २० मी/से वेगाने भिंतीवर जातो, १५ मी/से वेगाने परत येतो. संवेगातला बदल किती? घाईत ०.१६ × ५ = ०.८ लिहिलं जातं. पण नंतरचा वेग −१५ आहे. बदल = ०.१६ × (−१५ − २०) = −५.६ किग्रॅ·मी/से. सात पटींचा फरक! आणि 'मग संवेग टिकला कुठे?' असं कुणी विचारलं, तर उरलेला संवेग भिंतीला आणि भिंतीमार्फत पृथ्वीला मिळाला. नुसता चेंडू धरून संवेगाची अक्षय्यता लावायची नाही.

४. संवेगाचं समीकरण मांडा, जात कुठलीही असो

एम१ × यू१ + एम२ × यू२ = एम१ × व्ही१ + एम२ × व्ही२

टक्कर इतक्या कमी वेळात उरकते, की तेवढ्यात घर्षण किंवा गुरुत्वाकर्षण फारसं काही करू शकत नाही. म्हणून खडबडीत जमिनीवरही टकरीच्या लगेच आधी आणि लगेच नंतर हे समीकरण चालतं. 'लगेच' हा शब्द महत्त्वाचा, सातव्या पायरीत त्याचं काम पडेल.

एककांचं बोलायचं तर या समीकरणात वस्तुमानं दोन्ही बाजूंना ग्रॅममध्ये ठेवलीत तरी बिघडत नाही. ऊर्जा काढताना मात्र किलोग्रॅमच हवेत. वेग ताशी किलोमीटरमध्ये दिला असेल तर आधी ५/१८ ने गुणून घ्या.

५. दुसरं समीकरण: एकमेकांकडे येणं आणि दूर जाणं

अनोळखी दोन (व्ही१, व्ही२), समीकरण एक. दुसरं कुठून आणायचं?

इलॅस्टिक म्हटलं की बहुतेक जण गतिज ऊर्जेचं समीकरण मांडतात. चुकीचं नाही, पण त्यात वेगांचे वर्ग येतात, वर्गसमीकरण होतं आणि दोन उत्तरं निघतात. त्यातलं एक म्हणजे आधीचेच वेग, टक्कर झालीच नाही असं. ते टाकून द्यायचं असतं हे परीक्षेच्या गडबडीत आठवत नाही. त्यापेक्षा हे वापरा:

व्ही२ − व्ही१ = ई × (यू१ − यू२)

ई म्हणजे कोएफिशंट ऑफ रेस्टिट्यूशन: दूर जाण्याचा वेग भागिले जवळ येण्याचा वेग. इलॅस्टिकला ई = १, चिकटल्यास ई = ०, बाकीच्या टकरी मधे. दोन्ही बाजूंचा क्रम उलटा आहे, डावीकडे 'दोन वजा एक' आणि उजवीकडे 'एक वजा दोन', तिकडे लक्ष असू द्या.

आता माझी आवडती युक्ती. दोन समीकरणं सोडवत बसण्याऐवजी आधी सामाईक वेग काढायचा, म्हणजे दोन्ही वस्तू चिकटल्या असत्या तर जो वेग आला असता तो:

सामाईक वेग = एकूण संवेग ÷ एकूण वस्तुमान

आणि मग कुठल्याही वस्तूसाठी:

नंतरचा वेग = (१ + ई) × सामाईक वेग − ई × आधीचा वेग

ई = १ असेल तर उरतं 'सामाईक वेगाची दुप्पट वजा आधीचा वेग'. ई = ० असेल तर सामाईक वेगच. सहा सूत्रांचं काम एकात झालं. वरचं गणित घ्या: सामाईक वेग ८ ÷ ४ = २. मोठा गोळा: ४ − ४ = ०. छोटा: ४ − (−४) = ८. संपलं.

हेच कॅरमवर पाहा. स्ट्रायकर जास्तीत जास्त १५ ग्रॅमचा असतो, सोंगटी ५ ते ५.५ ग्रॅमची. सोयीसाठी १५ आणि ५ धरू. सोंगटी थांबलेली, स्ट्रायकर यू वेगाने बरोबर मधोमध येतो. सामाईक वेग = १५ यू ÷ २० = ०.७५ यू. टक्कर इलॅस्टिक धरली तर स्ट्रायकरचा नंतरचा वेग १.५ यू − यू = ०.५ यू आणि सोंगटीचा १.५ यू. सोंगटी दीडपट वेगाने सुटते आणि स्ट्रायकर निम्म्या वेगाने तिच्या मागून जातो. पॉकेटच्या तोंडाशी असलेली सोंगटी सरळ रेषेत जोरात मारली, की तिच्यापाठोपाठ स्ट्रायकरही आत का जातो, याचं उत्तर हे असं आकड्यांत आहे. ई ०.८ धरून पाहा: स्ट्रायकर १.३५ यू − ०.८ यू = ०.५५ यू, सोंगटी १.३५ यू. टक्कर कमी इलॅस्टिक झाली तर स्ट्रायकर उलट जास्तच पुढे जातो. घरच्या बोर्डावर मोजायला गेलात तर घर्षणामुळे दोघंही लवकर थांबतील, पण प्रकार हाच दिसेल.

वस्तुमानं सारखी असतील आणि टक्कर इलॅस्टिक, समोरासमोरची असेल, तर वेगांची सरळ अदलाबदल होते. नेम धरून वरून मारलेली गोटी दुसरीला उडवून स्वतः जागेवर बसते, ते यामुळेच. घरंगळत आलेली गोटी मात्र धडकेनंतरही थोडी पुढे सरकते, कारण तिची गिरकी शिल्लक असते. आपल्या सूत्रांत गिरकीचा हिशेब नाही.

ई घरीही मोजता येतो. चेंडू उंचीवरून सोडा. ई = वर्गमूळ (उसळीची उंची ÷ सोडल्याची उंची). वर्गमूळ विसरणं हा इथला नेहमीचा खड्डा. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नेहमीचा चेंडू २५४ सेंमीवरून टणक जमिनीवर सोडला तर १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे. म्हणजे ई साधारण ०.७३ ते ०.७६. वर्गमूळ घेतलं नाहीत तर ०.५३ ते ०.५८ येईल.

६. ऊर्जा किती गेली ते शेवटी काढा

चिकटणाऱ्या टकरीचं उदाहरण म्हणजे यार्डात एकमेकांना जोडले जाणारे रेल्वेचे डबे. ३० टनांचा डबा २ मी/से वेगाने येऊन उभ्या २० टनांच्या डब्याला जोडला जातो. सामाईक वेग = ६० ÷ ५० = १.२ मी/से. आधीची ऊर्जा ½ × ३०,००० × ४ = ६०,००० ज्यूल. नंतरची ½ × ५०,००० × १.४४ = ३६,००० ज्यूल. गेली २४,०००, म्हणजे ४० टक्के.

'परफेक्टली इनइलॅस्टिक म्हणजे सगळी ऊर्जा जाते' असं बऱ्याच जणांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तसं नाही. संवेग टिकवण्यासाठी डब्यांना पुढे जावंच लागतं, त्यापुरती ऊर्जा राहते. सगळी जाते ती फक्त एकूण संवेग शून्य असेल तेव्हा. बहुपर्यायी प्रश्नांसाठी थेट सूत्रही आहे:

गेलेली ऊर्जा = ½ × (एम१ × एम२ ÷ (एम१ + एम२)) × (१ − ई²) × (यू१ − यू२)²

डब्यांचे आकडे घालून पाहा: ½ × १२,००० × १ × ४ = २४,०००. जुळलं.

७. गणित दोन टप्प्यांचं आहे का?

गोळी टांगलेल्या ठोकळ्यात घुसते आणि ठोकळा झुलून वर जातो. १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने गोळीचा वेग मोजायला जी पद्धत छापली तीच ही, आणि आजही परीक्षेत हमखास येते.

गोळी १० ग्रॅम, वेग ४०० मी/से, ठोकळा १.९९ किग्रॅ. किती उंच जाईल? जी (गुरुत्वीय त्वरण) = १० घ्या.

पहिला टप्पा टक्कर, इथे फक्त संवेग: ०.०१ × ४०० = ४, भागिले २ किग्रॅ, म्हणजे २ मी/से. दुसरा टप्पा झुलणं, इथे फक्त ऊर्जा: उंची = २² ÷ (२ × १०) = ०.२ मीटर. वीस सेंटिमीटर.

आता चुकीची वाट. गोळीची गतिज ऊर्जा ½ × ०.०१ × १,६०,००० = ८०० ज्यूल, ती सगळी स्थितिज ऊर्जा झाली असं धरलं तर उंची ८०० ÷ (वस्तुमान २ × जी १०) = ४० मीटर. तेरा मजली इमारतीएवढी! प्रत्यक्षात टकरीनंतर उरतात ४ ज्यूल. ७९६ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेले.

'मग घसरत किती अंतर जाईल', 'स्प्रिंग किती दबेल' असं पुढे विचारलं असेल तर हाच साचा. वहीत मधोमध आडवी रेघ मारा. रेघेच्या वर संवेग, खाली ऊर्जा.

८. तिरकी टक्कर असेल तर

संवेग आडव्या आणि उभ्या दिशेने वेगवेगळा लिहा. ऊर्जेला दिशा नसते, तिचे असे भाग पाडायचे नाहीत. (पाडणारे मी पाहिले आहेत.)

लक्षात ठेवायचा निकाल एकच: सारख्या वस्तुमानाच्या दोन वस्तू, एक थांबलेली, टक्कर इलॅस्टिक आणि तिरकी, तर नंतर दोघी एकमेकींशी ९० अंशांत जातात. ५ मी/से वेगाची सोंगटी दुसरीला धडकून ४ मी/से वेगाने ३७ अंशांवर वळली, तर दुसरी ३ मी/से वेगाने पलीकडे ५३ अंशांवर जाते. ताळा: आडवा संवेग ४ × ०.८ + ३ × ०.६ = ५, उभा ४ × ०.६ − ३ × ०.८ = ०, ऊर्जेला १६ + ९ = २५. स्ट्रायकर आणि सोंगटीला हा ९० अंशांचा निकाल लावू नका, वस्तुमानं सारखी नाहीत.

९. उत्तर लिहिण्याआधी तीन प्रश्न

नंतर पुढची वस्तू मागचीपेक्षा हळू जाते आहे का? मग मागची तिच्या आरपार गेली, उत्तर चूक. नंतरची ऊर्जा आधीपेक्षा जास्त? चूक, दारूगोळा फुटलेला नसेल तर. ई एकापेक्षा मोठा किंवा उणे आला? वजाबाकीचा क्रम उलटा झाला असणार.

सरावाला एक खरं गणित

१९३२ साली चॅडविक या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने एका अज्ञात, विद्युतभार नसलेल्या कणाचं वस्तुमान टकरींवरूनच काढलं. तो कण हायड्रोजनच्या अणूवर आपटला की हायड्रोजन जास्तीत जास्त ३ कोटी ३० लाख मी/से वेगाने उडायचा, नायट्रोजनवर आपटला की नायट्रोजन ४७ लाख मी/से वेगाने. हायड्रोजनचं वस्तुमान १, नायट्रोजनचं १४. टक्कर इलॅस्टिक, समोरासमोरची. अज्ञात कणाचं वस्तुमान एम आणि वेग यू धरा. दोन्ही टकरींत ते तेच आहेत.

थांबलेल्या वस्तूचा नंतरचा वेग म्हणजे सामाईक वेगाची दुप्पट. हायड्रोजनसाठी २ × एम × यू ÷ (एम + १), नायट्रोजनसाठी २ × एम × यू ÷ (एम + १४). पहिल्याला दुसऱ्याने भागलं की यू उडून जातो:

(एम + १४) ÷ (एम + १) = ३३० ÷ ४७ = ७.०२

सोडवलं की एम = १.१६ येतं. चॅडविकने १.१५ काढलं होतं. कण होता न्यूट्रॉन, आणि आज त्याचं वस्तुमान त्याच मापात १.०१च्या आसपास धरतात.

आता हाच न्यूट्रॉन, वस्तुमान १ धरून, जड पाण्यातल्या ड्यूटेरियमवर (जड हायड्रोजन, वस्तुमान २) समोरासमोर आदळला तर त्याची किती ऊर्जा जाईल ते तुम्ही काढा. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला जड पाणीच वापरतात. उत्तर ८/९ यायला हवं. १/९ आलं असेल तर तुम्ही गेलेली ऊर्जा न काढता उरलेली काढलीत.